भिंगुटाने सटक्याला कुठे चेमलं?

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत माझी पाळी आली तेव्हा मी फळ्यावर एवढंच लिहिलं: 'भिंगुटाने सटक्याला गरुंडीत चेमलं.' खाली तीन प्रश्न. कोणी चेमलं? कोणाला चेमलं? कुठे चेमलं? मागे मोबाइल बघत बसलेल्या सरांनीसुद्धा मान वर करून तिन्ही उत्तरं बरोबर दिली. मग मी विचारलं, "आता सांगा, झालं काय?"

काहीच झालेलं नाही. भिंगूट नाही, सटक्या नाही, गरुंडी तर मुळीच नाही. पण 'ने' दिसला की 'कोणी'चं उत्तर मिळतं, 'ला' दिसला की 'कोणाला'चं, आणि 'त' दिसला की 'कुठे'चं. आपली लेकरं स्वाध्यायाची उत्तरं अशीच लिहितात. प्रश्नातला शब्द धड्यात हुडकायचा, ते वाक्य उचलायचं, पूर्णविराम द्यायचा. आपण लाल शाईने खूण करतो आणि लेकराला धडा समजला असं धरून चालतो. मी स्वतः नऊ वर्षं असंच धरून चालले होते.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. जूनमध्ये माझ्या पटावर २७ लेकरं असतात. दिवाळी झाली की त्यातली दहा-अकरा आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. निम्मी तांड्यावरची आहेत, त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. वर्गात पुस्तकी मराठी, गावात आमची बीडची मराठी आणि तांड्यावर गोरमाटी. अशा वर्गात गट कसे करायचे आणि वाचलेलं समजतंय की नाही हे कसं बघायचं, ते मी करते तसं सांगते. बीएड-डीएडच्या नोट्समध्ये यातलं बरंच आहे, पण तिथे लेकरं गैरहजर राहत नाहीत.

पहिला आठवडा: दोनदा ऐका

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी गट करत नाही. एकेका लेकराला व्हरांड्यात बोलावते आणि दोन गोष्टी करते. आधी ते मला वाचून दाखवतं. यासाठी कागद एकच: काही अक्षरं, काही साधे शब्द, चार वाक्यांचा उतारा आणि दहा-बारा ओळींची गोष्ट. लेकरांचं वाचन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५पासून असाच कागद वापरतात, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. हे झालं की कागद बाजूला ठेवून मी त्याला दुसरी एक छोटी गोष्ट वाचून दाखवते आणि म्हणते, "आता मला सांग." पाच-सहा मिनिटांत एक लेकरू होतं. रोज सहा झाली तरी आठवड्यात पट संपतो.

दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच घोळ होतो. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली एक साधी गोष्ट मांडली: वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे, अक्षर सोडवणं (म्हणजे अक्षरं जोडून शब्द वाचणं) गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे दोन्हींपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य. आमच्या चौथीतल्या पोरालाही हे पटतं, कारण शून्याचा पाढा त्याला पाठ असतो.

मागच्या जूनचा माझा हिशेब असा होता. दहा जणांना वाचताही येत होतं आणि समजतही होतं. आठ जण वाचताना अडखळत होते, पण गोष्ट ऐकवली की हावभावासकट परत सांगत होते. सहा जण असे, ज्यांना मी मनातल्या मनात 'रेडिओ' म्हणते: धडाधड वाचतात, आवाज खणखणीत, विचारलं तर काही नाही. उरलेल्या तिघांना दोन्हींत मदत हवी होती, आणि ते तिघेही घरी गोरमाटीच बोलणारे. त्यांना गोष्ट समजत नव्हती असं नाही, माझी मराठी समजत नव्हती. तांड्यावरच्या एका मोठ्या मुलीला बसवून तीच गोष्ट गोरमाटीत सांगायला लावली तेव्हा त्यातले दोघं खदखदून हसले, आणि नेमके हसायच्या जागी. कागदावर मी त्यांना 'समज नाही' लिहिलं होतं ते खोडलं.

रेडिओंवर लक्ष ठेवा. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेच्या लक्ष्यांत तिसरीच्या लेकराने मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं आहे. 'अर्थासह' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. पण मोबाइलवरचं घड्याळ सुरू झालं की सगळ्यांचे डोळे साठवर, आणि रेडिओ पास होतात.

दोन वेळा, दोन प्रकारचे गट

परिपाठानंतरची ४० मिनिटं स्तरगट. इथे सारख्या पातळीची लेकरं एकत्र बसतात, मग ती तिसरीची असोत की चौथीची. माझी अक्षर-शब्दांवर अडलेली लेकरं त्या वेळात सरांच्या खोलीत दुसरीबरोबर बसतात आणि दुसरीतली दोन पटाईत पोरं माझ्याकडे येतात. 'प्रथम' या संस्थेने ही इयत्ता सोडून पातळीवर बसवायची पद्धत गावोगाव नेली. अक्षर सोडवण्यापुरती ती चांगलीच आहे. पण हे गट दिवसभर ठेवायचे नाहीत आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकून हलवायचे. सहा महिने तोच गट राहिला तर ती जात होते.

गटांच्या नावांबद्दल माझी एक फजिती सांगते. सुरुवातीला मी मोर, पोपट, चिमणी अशी गोड नावं दिली होती. पंधरा दिवसांनी एका पोराची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, आमचं पोरगं घरी म्हणतंय मी चिमणीत हाय. चिमणी म्हंजी ढच ना?" पोराने दोन दिवसांत ओळखलं होतं. आता गटाला बसायच्या जागेचं नाव असतं: खिडकीचा गट, व्हरांड्याचा गट, लिंबाखालचा गट. आणि जागा दर सोमवारी बदलतात, म्हणजे नावही बदलतं. लिंबाखाली बसायला सगळेच भांडतात, त्यामुळे कमीपणाचा प्रश्न येत नाही.

मधल्या सुट्टीनंतर मिश्रगट, आणि समजेचं काम फक्त इथे. हे गट पाडायची युक्ती अशी. वाचनाच्या क्रमाने १ ते २७ यादी करा (ही यादी आपल्या वहीत, भिंतीवर नाही). ती मधोमध तोडा. पहिल्याची जोडी चौदाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, असं करत तेराव्याची सव्विसाव्याशी. पहिला आणि सत्ताविसावा कधीच एकत्र घालू नका. तसं केलं की पहिला सगळं करून टाकतो आणि सत्ताविसावा त्याची पेन्सिल टोकरत बसतो. मी केलेलं आहे. दोन-दोन जोड्या मिळून चौघांचा गट होतो. २७ला सहा गट चौघांचे आणि एक तिघांचा. पाचवं लेकरू गटात आलं की हमखास बाहेर बघत बसतं, म्हणून पाच नाहीतच.

मग गावाचा हिशेब घाला. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन घरांची पोरं एका गटात टाकली की पहिल्या आठवड्यात कोणी बोलत नाही. सख्खे बहीणभाऊ एकाच गटात असले की बहीणच भावाचं उत्तर देते. एकच पोरगी गटात एकटी आणि तीन मुलगे असं झालं तर ती वर्षभर वाचक न होता लेखनिक होते, कारण अक्षर चांगलं. दोन मुली, दोन मुलगे किंवा चारही मुली. यादीपेक्षा हे बघणं मोठं.

आजीचा हंडा

आता काम. मिश्रगटाला धडा देण्याआधी मी सुरुवातीचे उतारे स्वतः लिहिते. सात-आठ ओळींचे, गावातले, आणि मुख्य गोष्ट मुद्दाम न सांगणारे. त्यातला एक:

'टँकर आला तेव्हा आजी चुलीपुढे होती. हॉर्न ऐकून तिने तवा उतरवला आणि हंडा घेऊन निघाली. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत ती चौकात पोचली. चौकात चिखल होता आणि दोन पोरं पाइप गुंडाळत होती. आजी तशीच मागे फिरली. दारात नातीने विचारलं, हंडा जड झालाय का? आजी म्हणाली, नाही गं, आज हलकाच आहे.'

यावर मी तीन तऱ्हेचे प्रश्न ठेवते आणि लेकरांना त्या तऱ्हा नावानिशी माहीत आहेत. 'बोट ठेव' म्हणजे उत्तर कागदावर आहे: आजी कुठे होती? 'गाठ मार' म्हणजे दोन ठिकाणच्या गोष्टी जोडाव्या लागतात: आजीला पाणी मिळालं का? आणि 'तुझं सांग': तू नातीच्या जागी असतास तर काय केलं असतंस? माझ्या चौथीच्या वहीत पूर्वी दहातले नऊ प्रश्न 'बोट ठेव' असायचे. मोजून बघा, तुमच्याकडेही तसंच निघेल.

'गाठ मार'ला मी एकच शब्द जोडते: कशावरून? उत्तर बरोबर असो की चूक, चेहरा न बदलता विचारायचं, "कशावरून?" फक्त चुकीच्या उत्तराला विचारलं तर लेकरांना दोन दिवसांत कळतं की मॅडमनी कशावरून म्हटलं म्हणजे आपलं चुकलं.

या उताऱ्यावर व्हरांड्याच्या गटात झालेलं बोलणं मला अजून आठवतं. एक म्हणाला, "पाणी नाही भेटलं." कशावरून? "हंडा हलका हाय ना." दुसरी म्हणाली, "चिखल व्हता, म्हंजी टँकर येऊन गेला, पाणी सांडलं." तिसरा, जो वाचताना प्रत्येक जोडाक्षरावर थांबतो, तो म्हणाला, "पाइप गुंडाळायलेत म्हंजी संपलं. पाणी असताना पाइप कोण गुंडाळतंय?" त्याचा बाप टँकरवर जातो. मग रेडिओंपैकी एकीने विचारलं, "मग आजी खोटं का बोलली?" त्यावर गट तुटला. निम्मे म्हणाले खोटं बोलली, निम्मे म्हणाले हलका होता तर हलकाच म्हणाली, खोटं कुठाय? वीस मिनिटं चाललं. मी फक्त जोडाक्षरवाल्याची 'पाइप' फळ्यावर लिहिली. तासिका संपल्यावर तो पोरगा फळा पुसायला आला आणि तो शब्द तेवढा ठेवून बाकीचा पुसला.

चार पत्रिका

गटात सगळेच एकदम बोलतात किंवा कोणीच बोलत नाही. त्यावर उपाय म्हणजे कामं वाटून देणं. ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली अमेरिकेत सातवीतल्या अशाच मुलांबरोबर काम केलं होतं, ज्यांना वाचता येत होतं पण समजत नव्हतं. म्हणजे आमचे रेडिओच. त्यांची चार कामं मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतली आहेत. लग्नसराईत गावात पत्रिकांना तोटा नाही.

'पुढं काय?' वाला शीर्षक आणि पहिल्या ओळी बघून अंदाज करतो. 'अडलं कुठं?' वाला न कळलेला शब्द किंवा वाक्य सांगतो. 'विचार' वाला गटाला एक प्रश्न विचारतो, आणि तो 'बोट ठेव' नसावा. 'थोडक्यात' वाला दोन वाक्यांत सांगतो. दर परिच्छेदाला पत्रिका उजवीकडे सरकते.

चारही पत्रिका एकदम देऊ नका. एका पत्रिकेला एक आठवडा, आणि तो पूर्ण आठवडा मी स्वतः वर्गासमोर मोठ्याने करून दाखवते. सगळ्यांत अवघड 'अडलं कुठं?' आपल्याकडे अडलं म्हणणं म्हणजे हात पुढे करून मार मागणं असं लेकरांच्या मनात कुठून तरी बसलेलं असतं. म्हणून आधी मी अडते. फळ्यावर लिहिते, 'मामा हरखून गेला', आणि वाचते, "मामा हरवून गेला." मग डोकं खाजवते. "हरवला तर मग पुढे तो घरी बसून पेढे कसा वाटतोय? मागे जाऊन बघते." पोरं ओरडतात, "मॅडम, हरखून हाय!" हरखणे म्हणजे काय, ते कोणालाच माहीत नसतं, पण पेढ्यांवरून ती आनंदापर्यंत पोचतात. तेवढं पुरतं. शब्दार्थाची वही काढून 'हरखणे = आनंदित होणे' असं दहा वेळा लिहायची गरज नाही.

'थोडक्यात' जमायला लागलं की त्याला पहिलीच्या लेकरासमोर सांगायला पाठवते. पहिलीचं पोर कंटाळलं की उठून जातं. त्यापेक्षा प्रामाणिक परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

माहितीच्या धड्यांना, म्हणजे परिसर अभ्यासाला, मी पत्रिका वापरत नाही. तिथे तुकडे करते. एलियट ॲरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला ही पद्धत काढली, गोऱ्या-काळ्या मुलांना शाळेत नुकतंच एकत्र बसवलं होतं तेव्हा. गावच्या पाण्यावरचा मजकूर असेल तर आड, विहीर, बोअर, टँकर असे चार तुकडे. प्रत्येक गटातला आडवाला उठून बाकीच्या आडवाल्यांबरोबर बसतो, नीट समजून घेतो आणि परत येऊन आपल्या गटाला सांगतो. अडचण एकच: बोअरवाला दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन गेला की गटाचं बोअर कोरडं. म्हणून हे एका दिवसात, एका बैठकीत संपवा.

बाकीचे तेव्हा काय करतात

एका गटाजवळ मी बसले की उरलेल्यांना काम हवं. गाळलेल्या जागा देते, पण नाम गाळत नाही. जोडणारा शब्द गाळते: 'पाऊस आला ____ आम्ही खेळलो.' 'म्हणून' घातलं तर एक गोष्ट होते, 'तरी' घातलं तर दुसरी. दोन्ही बरोबर. मग गटाने दोन्हींची चित्रं काढायची. 'पण', 'तरी', 'कारण', 'म्हणून' या चार शब्दांवर मी सगळा श्रावण घालवते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण चौथीनंतरचे सगळे धडे याच शब्दांवर लटकलेले असतात.

दुसरं काम रंगीत पेन्सिलीचं. उताऱ्यातल्या प्रत्येक 'तो', 'ती', 'त्याने', 'तिला'पासून त्या माणसाच्या नावापर्यंत रेघ ओढायची. रेडिओ इथे उघडे पडतात. याचंच पुढचं रूप म्हणजे नाव नसलेलं वाक्य: 'दार वाजलं. आत आली तेव्हा हात ओले होते.' कोण आलं? मुलगा की मुलगी? कशावरून? मराठीचं क्रियापद स्वतःच चुगली करतं. लेकरांना हे पकडायला फार आवडतं, मग ती वर्तमानपत्राच्या तुकड्यातही असे शब्द शोधत बसतात.

आवाज होतो. एकदा एक साहेब तपासणीला आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, वर्गावर कंट्रोल नाही." मी त्यांना लिंबाखालच्या गटात बसवलं आणि 'विचार'ची पत्रिका हातात दिली. त्यांनी विचारलेला प्रश्न 'बोट ठेव' होता, आणि एका पोरीने ते त्यांना सांगितलंही. शेरेबुकात त्या दिवशी फक्त 'भेट दिली' असं लिहिलेलं आहे.

दिवाळीनंतर

पट २७वरून १६वर येतो. यादी पुन्हा करायची, पुन्हा मधोमध तोडायची: पहिला नवव्याशी, आठवा सोळाव्याशी, चौघांचे चार गट. जाणाऱ्या लेकरांच्या हातात मी दोन-तीन उतारे आणि त्यांच्या पत्रिका देते. काही परत येतात, काहींनी ऊसतोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटते.

मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतात तेव्हा त्यांचा वेगळा गट करायचा मोह होतो. 'मागे पडलेल्यांचा गट.' करू नका. आठवडाभर स्तरगटात अक्षरं घासून घ्या, पण मिश्रगटात पहिल्या दिवसापासून बसवा, आणि पहिला उतारा उसाचा ठेवा. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८मध्ये ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. माझ्याकडे बेसबॉल नाही, उसाचा फड आहे.

मागच्या एप्रिलला मी लिहिलेल्या उताऱ्यात एक वाक्य होतं: 'मुकादमाने दहा कोयत्यांना उचल दिली.' गावात राहिलेल्या हुशार मुलीने चित्र काढलं: दहा कोयते ओळीने, आणि एक माणूस ते उचलून देतोय. आदल्या दिवशीच परत आलेला पोरगा, बोट ठेवून ठेवून वाचणारा, चित्र बघून हसायला लागला. "कोयता म्हंजी नवरा-बायको. माझी आई आन् बाप मिळून एक कोयता. आन् उचल म्हंजी आधी दिलेले पैसे." मग त्याने विचारलं, "मॅडम, दहा कोयते म्हंजी माणसं किती?"

'विचार'ची पत्रिका त्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या हातात होती. ती मी तशीच राहू दिली.